तक्रारीचा पत्ता

खिदिरपूरच्या गोदीवरचा पूल जहाजासाठी उचलला की रस्ता थांबतो. दोन्ही बाजूंना ट्रक, टॅक्सी, हातगाड्या आणि शिव्या यांची रांग लागते. परवा अशाच एका रांगेत अडकलो. ड्रायव्हरला म्हटलं, इंजिन बंद कर, आणि खाली उतरून मातीच्या भांड्यातला चहा घेतला. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन उभे होते. जहाजावरचा माल सोडवण्याचं काम करणारे. मी गणवेशात नव्हतो, त्यामुळे मोकळेपणानं बोलले. पलीकडच्या कंटेनरांकडे हात करून म्हणाले, "दादा, एगुलो शॉब नेपालेर." हे सगळं नेपाळचं.

नेपाळला समुद्र नाही. त्याचा परदेशी माल पिढ्यानपिढ्या याच बंदरात उतरतो. आता हल्दिया आहे, विशाखापट्टणमही आहे, पण जुना दरवाजा हाच. इथून रक्सौल-बीरगंज सातशे किलोमीटरच्या आसपास. तेल, यंत्रं, कपडा, औषधं, सगळं याच वाटेनं जातं. खिदिरपूरहून अलीपूरकडे वळलं की नॅशनल लायब्ररीच्या रस्त्यावर नेपाळची वकिलात आहे, ती काही उगाच नाही.

चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यात मात्र तेल किंवा कपडा नव्हता, रायफल होती. कारण आदल्याच आठवड्यात सातारा भागातल्या एका निवृत्त हवालदारांचा फोन आला होता. माझं लिखाण नेमानं वाचतात आणि चुकलं तर कान धरतात. त्यांनी विचारलं, "साहेब, नेपाळसारखा देश स्वतःची रायफल का बनवत नाही? लढवय्या माणसांची खाण आहे ती. किती दिवस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणार?"

मी तेव्हा थातूरमातूर उत्तर दिलं. आज नीट देतो. नेहमीचा खुलासा आधीच करून टाकतो. मी नोकरीत आहे, त्यामुळे इथे जे लिहितोय ते सगळं वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत उघड आलेलं आहे. मतं तेवढी माझी.

दोन भाऊ, एक रायफल

माझी बरीच नोकरी गोरखा जवानांबरोबर झाली. मराठी माणूस गोरखा पलटणीत गेला की पहिलं वर्ष नेपाळी शिकण्यात आणि दुसरं वर्ष आपली नेपाळी ऐकून जवान का हसतात हे समजण्यात जातं. आमचे एक सुभेदार साहेब पश्चिम नेपाळच्या डोंगरातले. त्यांचा धाकटा भाऊ नेपाळी सेनेत. एकाच घरात एक भाऊ आपल्या सैन्यात आणि दुसरा त्यांच्या, हे आमच्याकडे मुळीच नवलाचं नव्हतं.

एकदा रात्रीच्या पहाऱ्यानंतर आम्ही दोघं शेकोटीपाशी बसलो होतो. सुभेदार साहेब मांडीवरच्या इन्सासला तेलाची चिंदी मारत होते. मारता मारता म्हणाले, "हजुर, मेरो भाइको राइफल पनि यही हो." माझ्या भावाकडेही हीच रायफल आहे. मग थोडं थांबून म्हणाले, माझ्या हातातली बिघडली तर मी आर्मररकडे देतो, त्याला नाही जमलं तर ती वर्कशॉपला जाते, तिथेही नाही जमलं तर तुम्ही चिठ्ठी लिहिता. भावाची बिघडली तर चिठ्ठी कोण कुणाला लिहिणार?

हवालदार साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या प्रश्नात आहे. रायफल घरची की बाहेरची, यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की ती अडली तर तक्रार कुठे जाते, आणि तिथला माणूस तुमचं ऐकायला बांधील आहे का?

चिठ्ठीचा प्रवास

एनडीएत खडकवासल्याला पहिल्यांदा हातात मिळाली ती 7.62 ची एसएलआर. तिची ओळख आम्हाला नेमबाजीपेक्षा शिक्षेतून जास्त झाली. ती डोक्यावर धरून परेड ग्राउंडला किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. बॉडीवर तीन अक्षरं होती, आर एफ आय. आम्ही त्याचे नाना वाह्यात अर्थ लावायचे. खरा अर्थ रायफल फॅक्टरी, इशापूर. तो कारखाना या कलकत्त्यापासून हुगळीच्या काठानं उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. तिथे कंपनी सरकारच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीला, तोफेची दारू बनत होती. रायफलींचा कारखाना 1904 मध्ये उभा राहिला.

एसएलआर मुळात बेल्जियमच्या फालवरून घेतलेली. 1962 ला जवान जुन्या बोल्ट ॲक्शन थ्री नॉट थ्रीनं लढले, त्यानंतर ती इशापूरला बनू लागली. पुढे इन्सास आली, तिचा आराखडा आपल्या पुण्यात पाषाणला, एआरडीईमध्ये झाला. काडतुसं खडकी आणि वरणगावची. म्हणजे काश्मीरच्या एखाद्या चौकीवर उभ्या असलेल्या जवानाच्या हातात पुणे, जळगाव आणि चोवीस परगणा असे तीन जिल्हे एकत्र असायचे. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटावा. मलाही वाटतो.

पण मी हा पत्ता सांगतोय तो अभिमानासाठी नाही. एका पोस्टिंगवर, बर्फातल्या चौकीच्या रेंजवर, एका हत्याराचा एक छोटा भाग वारंवार तुटू लागला. कोणतं हत्यार, कुठलं, ते महत्त्वाचं नाही. भाग करंगळीच्या पेराएवढा. दहा गोळ्या गेल्या की रोक. जवान रोक दूर करायचा, पुन्हा दोन गोळ्या, पुन्हा रोक. शत्रू समोर नव्हता म्हणून आम्ही चेष्टा करू शकलो. त्या रात्री मी कंपनी कमांडर म्हणून पहिल्यांदा दोषाचा अहवाल लिहिला. तापमान, किती गोळ्या झाडल्यावर तुटला, कोणत्या लॉटचं काडतूस होतं, तेल कोणतं वापरलं, सगळं. तुटलेले तुकडे पाकिटात घातले. ते पाकीट बटालियन, मग ईएमई वर्कशॉप, मग आणखी वर असं गेलं. उत्तर यायला इतके महिने लागले की तोवर आमची पलटण खाली उतरली होती. पण उत्तर आलं. बदललेला भाग आला. आमच्यानंतर त्या चौकीवर गेलेल्या पलटणीला तो मिळाला.

संथ होतं, चीड आणणारं होतं, पण पाकिटावर पत्ता होता. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला माझ्या पाकिटाला उत्तर देणं भाग होतं, कारण त्याचा आणि माझा पगार एकाच तिजोरीतून निघत होता, आणि फारच झालं असतं तर संसदेत प्रश्न विचारणारा कुणीतरी होता.

इन्सासचंही तेच झालं. 1999 ला कारगिलमध्ये ती पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरली. थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेले, तीन-तीन गोळ्यांच्या फैरीची यंत्रणा बिनसल्याच्या तक्रारी आल्या. हे सगळं छापून आलेलं आहे. त्यातून सुधारणा झाल्या, सुधारित रूप आलं. जवानाचं समाधान पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही, सेवेतले आणि निवृत्त वाचक मला हसतील. पण तक्रार ऐकली गेली. शेवटी तीच तक्रार पुढच्या रायफलीच्या शोधाचं कारण बनली.

पिली

आता तीच रायफल डोंगरापलीकडे. नेपाळमध्ये माओवाद्यांचं युद्ध पेटल्यावर, 2001 नंतर, भारतानं नेपाळी सेनेला इन्सास मोठ्या संख्येनं आणि मोठ्या सवलतीत दिली. हेतू चांगला होता. गरज खरी होती.

ऑगस्ट 2005 मध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली इथल्या सेनेच्या तळावर माओवाद्यांनी हल्ला केला. लढाई कित्येक तास चालली. चाळीसहून जास्त सैनिक मेले. त्यानंतर नेपाळी सेनेच्या प्रवक्त्यांनी जाहीरपणे सांगितलं की लांबलेल्या लढाईत रायफली नीट चालल्या नाहीत. इकडून जे उत्तर गेलं त्याचा रोख हत्यार कसं वापरलं आणि कसं राखलं, यावर होता.

कोण बरोबर होतं हे ठरवायला मी तिथे नव्हतो. रायफल सतत तापली की कोणतीही रायफल कुरकुर करते. देखभाल ढिली असेल तर जास्त करते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मला बोचतं ते वेगळं. आमच्या जवानानं तक्रार केली की ती तांत्रिक अहवाल बनते. नेपाळी जवानानं केली की ती राजनैतिक निवेदन बनते. एकाच्या तुकड्यांचं पाकीट प्रयोगशाळेत जातं, दुसऱ्याचं वकिलातीत.

आमच्यातले काहीजण तेव्हा म्हणाले होते, एवढ्या सवलतीत दिलं, वर तक्रार? धर्माची गाय आणि दात का गं नाय? मला ही म्हण इथे लागू करावीशी वाटत नाही. गाईला दात नसले तर दूध कमी येतं. रायफलीला दात नसले तर पोरगा घरी येत नाही. आणि तो पोरगा आमच्या सुभेदार साहेबांचा भाऊही असू शकतो.

मग स्वतःची का नको?

हवालदार साहेबांचा मूळ प्रश्न. याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. नेपाळी सेना लाखाच्या आतली. सशस्त्र पोलीस, राखीव साठा, सगळं धरून दीड लाख रायफली समजू. एक रायफल सांभाळून वापरली तर पंचवीस वर्षं जाते. म्हणजे वर्षाला सहा हजार, कामाच्या दिवसाला वीस. दिवसाला वीस रायफलींसाठी नळी घडवण्याची यंत्रं आणायची, पोलाद परदेशातून आणायचं, उष्णता-प्रक्रियेची भट्टी चालवायची, स्प्रिंग बनवायला शिकायचं. स्प्रिंग ही सगळ्यात साधी वस्तू वाटते, रोक मात्र तिथेच पडते. त्या रायफलीची किंमत बाजारातल्या रायफलीच्या कित्येक पट होणार. आणि पोलाद, यंत्रं आणि दारू शेवटी याच खिदिरपुरातून जाणार. म्हणजे मोहताजी संपली नाही, फक्त एक पायरी खाली सरकली.

आणि नेपाळनं हे करून पाहिलेलं आहे, हे आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, राणांच्या काळात, जनरल गहेंद्र शमशेर यांनी काठमांडूत रायफली बनवल्या. ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीसारख्या दिसणाऱ्या, पण आतली यंत्रणा थोडी वेगळी. तिला गहेंद्र रायफलच म्हणतात. हातानं फिरवायची दोन नळ्यांची एक मशीनगनही केली, महाराज वीर शमशेर यांच्या नावानं ती वीर गन. कारागिरी अशी की आजही संग्राहक त्या हौसेनं शोधतात. पण त्या हातानं घडवलेल्या होत्या. एकीचा सुटा भाग दुसरीला सहज बसत नसे. पुढे ब्रिटिशांकडून रायफली मिळू लागल्या तशा त्या मागे पडल्या. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात शंभर वर्षं पडून राहिलेला तो सगळा साठा 2003 च्या सुमारास अमेरिकेतल्या जुन्या हत्यारांच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. स्वदेशी रायफल घडली, पण तिच्यामागे सुट्या भागांची, काडतुसांची आणि दुरुस्तीची साखळी उभी राहिली नाही.

कुणी म्हणेल सिंगापूरनं नाही का केलं? केलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी एम-16 परवान्यावर बनवायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की परवान्यावरची रायफल बाहेर विकायलाही मूळ मालकाची परवानगी लागते. म्हणून स्वतःच्या आराखड्याकडे वळले, आणि तीन दशकांच्या मेहनतीनंतर एसएआर-21 आली. पण सिंगापुरात प्रत्येक मुलाला सैन्यात जावं लागतं, मोठं राखीव सैन्य आहे, हातात पैसा आहे आणि स्वतःचं बंदर आहे. खिदिरपूरचा पूल उचलला गेला म्हणून सिंगापूर थांबत नाही.

बाहेरच्या रायफलीच्या तीन किल्ल्या

बाहेरून घ्यायची तर किल्ल्या तीन, आणि तिन्ही दुसऱ्याच्या कमरेला. विकण्याची परवानगी, नेण्याची वाट, आणि नंतरचे सुटे भाग.

परवानगीचं उदाहरण बेल्जियमचं. 2002 मध्ये नेपाळला साडेपाच हजार मिनिमी मशीनगन विकण्यावरून तिथे एवढा गदारोळ झाला की आरोग्यमंत्री माग्दा आल्वूत यांनी राजीनामा दिला. विचार करा. काठमांडूतल्या सैनिकाच्या हातात काय असावं याचा निवाडा ब्रसेल्सच्या मंत्रिमंडळात. 1 फेब्रुवारी 2005 ला राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा भारतानं आणि ब्रिटननं घातक शस्त्रांचा पुरवठा थांबवला. लोकशाहीच्या दृष्टीनं ते योग्य होतं की नाही हा वेगळा वाद. पण ज्या वर्षी पुरवठा थांबला, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पिली झालं. आणि हिवाळा येईपर्यंत चीनमधून शस्त्रांचे ट्रक नेपाळात उतरले. एक दार बंद झालं की माणूस दुसरं ठोठावतोच.

वाटेची गोष्ट तर थेट या गोदीची. 1923 च्या करारात ब्रिटिशांनी नेपाळला हिंदुस्थानातून शस्त्रं नेण्याची मोकळीक दिली. अट एवढीच, की नेपाळचे हेतू मैत्रीचे आहेत याची ब्रिटिश सरकारला खात्री असली पाहिजे. 1950 च्या भारत-नेपाळ कराराच्या पाचव्या कलमात ती मोकळीक पुन्हा आली, आणि पद्धत दोन्ही सरकारांनी सल्लामसलत करून ठरवायची असं आलं. 1988 मध्ये नेपाळनं चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रं घेतली. दिल्लीला ते रुचलं नाही. मार्च 1989 मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, ते पुढे चालू झाले नाहीत, आणि दोन सोडून सगळे मार्ग बंद झाले. वर्षभराहून अधिक काळ काठमांडूत रॉकेलसाठी रांगा होत्या. शस्त्रांच्या एका खरेदीची किंमत चुलीनं मोजली.

कारणं दोन्ही बाजूंना होती. मी भारतीय अधिकारी आहे, उत्तरेच्या त्या सीमेवर चिनी हत्यारं मला नकोच आहेत. पण छोट्या देशाच्या जागी उभं राहून पाहिलं तर दिसतं की रायफल निवडताना तो रायफल निवडतच नसतो. आपला हात कुणाच्या हातात द्यायचा, ते निवडत असतो.

मोठ्या घरचीही हीच गत

आपण हसू नये. मराठ्यांचाच इतिहास बघा. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफा-बंदुकांचे कारखाने उभे केले. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतत होता, बंदुका घडवत होता. माल उत्तम होता. 1803 ला असईच्या रणात वेलस्लीला त्या तोफांनी किती रक्त सांडायला लावलं हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. पण पलटणींचे अधिकारी युरोपियन होते. युद्ध तोंडावर येताच कंपनी सरकारनं त्यांना नोकरी सोडण्याचं आमंत्रण दिलं, आणि पुष्कळजण सोडून गेले. सेनापती पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला. बंदूक घरची होती, ती लढवायची विद्या बाहेरची होती.

आणि आजचा भारत? इन्सासनंतरच्या रायफलीसाठी आपण किती वर्षं निविदा काढल्या आणि रद्द केल्या. शेवटी अमेरिकेकडून सिग 716 तातडीनं घेतल्या. रशियाबरोबर एके-203 अमेठीजवळ कोरवा इथे बनवायचं ठरलं. कारखान्याचं उद्घाटन मार्च 2019 मध्ये झालं, पण किमतीवर घासाघीस चालली आणि 6,01,427 रायफलींचा करार व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. दोन महिन्यांत युक्रेनचं युद्ध सुरू झालं. पुढची दिरंगाई सगळ्यांनी पाहिली. सहा लाख रायफलींचं गिऱ्हाईक असूनही आपल्याला थांबावं लागलं. मग साठ हजारांच्या गिऱ्हाइकाचं काय होत असेल?

दरम्यान पाषाणहून 2024 मध्ये उग्रम नावाची नवी 7.62 ची रायफल पुढे आली. चार किलोच्या आत वजन, पाचशे मीटरचा पल्ला. तिच्या चाचण्या कशा होतात ते बघू. माझी इच्छा एवढीच, की तिचा पहिला अहवाल वातानुकूलित सभागृहातून न येता बर्फातल्या चौकीवरून यावा.

माझं म्हणणं

छोट्या देशानं संपूर्ण रायफल घरी बनवण्याचा हट्ट धरू नये. तो पैसा इतर ठिकाणी लावावा. काडतूस घरी बनवावं, कारण रायफल पंचवीस वर्षांत एकदा लागते आणि काडतूस रोज. सराव तिथेच वाचवला जातो, आणि न झालेला सराव लढाईत रक्तानं फेडावा लागतो. नळी बदलणारं, बोल्ट दुरुस्त करणारं एक चांगलं वर्कशॉप आणि शंभर हाडाचे आर्मरर घरचे असावेत. खरेदीच्या करारात दहा वर्षांचे सुटे भाग आधी मोजून घ्यावेत, रायफली नंतर. चाचणी आपल्या डोंगरात, आपल्या थंडीत, आपल्या जवानाच्या खांद्यावर घ्यावी. विकणाऱ्याच्या रेंजवर सगळ्याच रायफली छान चालतात. आणि दार कधी एकच ठेवू नये. नेपाळनं इन्सासबरोबर अमेरिकी एम-16 ही घेतल्या, तेव्हा आमच्याकडे काहींना राग आला. मला तो शहाणपणा वाटला. काडतूस दोन्हींचं एकाच मापाचं, 5.56. मॅगझिन आणि सुटे भाग वेगळे, म्हणजे कोत सांभाळणाऱ्याची डोकेदुखी दुप्पट. पण एक किल्ली हरवली तर घर उघडं राहतं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण आता विकणारे आणि देणारे झालो आहोत. नेपाळ, भूतान आपली हत्यारं वापरतात, आणखी देश घेत आहेत. निर्यातीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात, आनंद आहे. पण देणाऱ्याचं काम ट्रक सीमेपार गेला की संपत नाही. आपण दिलेल्या प्रत्येक रायफलीबरोबर एक पत्ता गेला पाहिजे. त्या पत्त्यावर तुटलेला भाग पाकिटात घालून पाठवला तर तो त्याच टेबलावर गेला पाहिजे जिथे माझं पाकीट गेलं होतं. त्या देशाचा आर्मरर आपल्या वर्कशॉपमध्ये येऊन शिकला पाहिजे, आणि आपला माणूस वर्षातून एकदा त्यांच्या चौकीवर जाऊन कोत उघडून बघितला पाहिजे. "तुम्ही नीट वापरली नाही" हे वाक्य सगळ्यात शेवटी, तपासणीनंतर, आणि खाजगीत.

सूर्यकिरण या दोन्ही सैन्यांच्या संयुक्त सरावात मी एका नेपाळी मेजरला हे बोलून दाखवलं होतं. तो हसला. म्हणाला, सर, आमच्याकडे तुमचे सेनाप्रमुख मानद जनरल असतात, तुमच्याकडे आमचे. समारंभात तलवार मिळते. तलवारीची तक्रार कुणी करत नाही.

पूल खाली येतो

आमचे सुभेदार साहेब आता निवृत्त होऊन गावी आहेत. मक्याचं शेत आहे, पेन्शन येते. दसऱ्याला फोन करतात. भाऊही निवृत्त झाला. तोही सुखरूप आहे.

2022 नंतर, अग्निपथ आल्यापासून, नेपाळमधून आपल्या गोरखा पलटणींत भरती थांबलेली आहे. कारणं दोन्हीकडची आहेत, त्यात आज शिरत नाही. पण त्याचा एक अर्थ असा की एका शेकोटीपाशी बसून "माझ्या भावाकडेही हीच रायफल आहे" असं आपल्या अधिकाऱ्याला सांगणारा माणूस हळूहळू संपणार. आजवर कागदावर नसलेला एक पत्ता होता, तो त्या दोन भावांच्या घराचा होता. त्या वाटेनं कितीतरी गोष्टी न लिहिता कळायच्या. तो पत्ता बंद होत असेल तर निदान दुसरा कागदावर तरी असायला हवा.

पूल खाली आला. ट्रक सुरू झाले. कागदांची पिशवी घेऊन गृहस्थ घाईनं निघाले, कंटेनर संध्याकाळच्या आत सोडवायचे होते. मी गाडीत बसून परत निघालो. फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग आहे, आणि दक्षिणेकडच्या दरवाजाचं शिवाजी गेट. त्या दरवाजातून आत जाताना प्रत्येक मराठी माणसाची छाती थोडी फुगते, माझीही फुगते. पण ज्या राजाचं नाव त्या दरवाजाला दिलंय त्याच्या आज्ञापत्रांत शेतकऱ्याच्या भाजीच्या देठाचीही काळजी होती. आपण शेजाऱ्याला रायफल देतो तेव्हा तिच्या करंगळीएवढ्या भागाची काळजी करायला हरकत नसावी.

हवालदार साहेब, उत्तर लांबलं. चुकलं असेल तर फोन करा, कान पुढे आहे.

जय हिंद.